पत्र्याची खोली: नव्या शिक्षकाच्या वर्गातल्या गोंधळाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकीकत मालवण तालुक्यातल्या, अगदी किनाऱ्याला लागून असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेतली. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि वर्ष गाळलं आहे, दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. मी तेव्हा तिथे मुख्याध्यापिका होते. या प्रकरणातल्या निम्म्या चुका माझ्या आहेत, त्यामुळे तटस्थपणे लिहिल्याचा आव आणत नाही.

शाळा पहिली ते सातवी, शिक्षक चार. जुनी इमारत चिऱ्याची, कौलारू. तिला चिकटून नंतर बांधलेली एक खोली, वर पत्रे. सहावी-सातवीचा जोडवर्ग त्या खोलीत बसायचा. सहावीची ११ आणि सातवीची १३, मिळून २४ मुलं. शिक्षण हक्क कायद्यात उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. त्या हिशेबाने २४ म्हणजे सुखच. "चोवीस पोरं सांभाळता येत नाहीत?" हा प्रश्न पहिल्या महिन्यात मलाही मनातल्या मनात पडला होता.

नवे सर लातूर जिल्ह्यातले. 'पवित्र' या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरून निवड झालेली, शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे कायम होण्याआधीची मानधनावरची, पहिलीच नेमणूक, महिना १६,०००. वय सत्ताविशीचं. घर माळकरी. राहायला खोली मिळाली ती एका मच्छीमाराच्या मांगराला, म्हणजे सामान ठेवायच्या झोपडीला, लागून, अंगणात सुके बांगडे वाळत घातलेले. तक्रार त्यांनी कधी केली नाही, पण पहिल्या आठवड्यातच मुलांना बातमी लागली आणि वर्गात प्रश्न आला, "सरांका नुस्तां चलना नाय?" सर काही समजले नाहीत. 'नुस्तां' म्हणजे मासे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

जोडवर्ग त्यांना का दिला, याचं खरं उत्तर असं की बाकीच्या कोणाला तो नको होता. मलाही नको होता. शाळेत नवा माणूस आला की सगळ्यात अवघड वर्ग त्याच्या गळ्यात पडतो. ही रीत मी मोडली नाही.

अडचण कशी वाढत गेली

सुरुवात भाषेवरून झाली. घाईत असले की सरांची घरची बोली बाहेर पडायची. एकदा फळ्यावर लिहिता लिहिता मागे वळून ते म्हणाले, "काय करायलाव रे तिकडं?" मागच्या बाकावरून कोणीतरी त्याच हेलात "करायलाव" म्हटलं. वर्ग फुटला. त्या दिवसापासून तो शब्द वर्गाचं खेळणं झाला. सर फळ्याकडे वळले की बारीक आवाजात "करायलाव", मग खोटा खोकला, मग हसू. सरांनी दोनदा दुर्लक्ष केलं, तिसऱ्यांदा ओरडले. ओरडल्यावर वर्ग गप्प झाला आणि सरांना वाटलं उपाय सापडला. पुढच्या आठवड्यात तोच परिणाम साधायला दुप्पट ओरडावं लागलं.

त्यात पावसाळा. कोकणातल्या जुलैमध्ये पत्र्याखाली बसून ज्याने शिकवलं नाही त्याला सांगून कळणार नाही. पावसाची सर आली की खोलीचा ढोल होतो. शिक्षक आवाज चढवतो, मुलं शेजाऱ्याशी बोलायला आवाज चढवतात, पाऊस ओसरतो तरी आवाज चढलेलेच राहतात. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप वाढतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ मध्ये नोंदवून ठेवलं आहे. आम्ही मात्र त्याला 'पोरं मातली' असं नाव दिलं होतं.

मग ऑगस्ट उजाडला. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, वाऱ्यापावसाने थोडी उसंत दिली आणि गावात रापण सुरू झाली. होडीने जाळं अर्धगोल सोडत न्यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगांनी ओढायचे. दोन-तीन तास सहज जातात. पहाटे ओढायला जितके हात तितके थोडेच, म्हणून घरातली मोठी मुलं जातात आणि मूठभर मासळीचा वाटा घेऊन परततात. सातवीतला एक मुलगा रोज जायचा. त्याचा आजा होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होता म्हणून वर्गात त्याला 'तांडेल' म्हणत, असं इथे धरून चालू. खरं टोपणनाव वेगळं होतं, पण त्याच धाटणीचं.

तांडेल चारला उठायचा आणि दहाला शाळेत यायचा. सकाळी ठीक असायचा. दुपारची खिचडी पोटात गेली की दोनपैकी एक व्हायचं. एक तर डोकं बाकावर टेकायचं, नाहीतर झोप घालवायला अंगात वारं शिरायचं. झोपला तर सर उठवत. उठवला की त्याचं आणि वर्गाचं मिळून पुढचा अर्धा तास जायचा.

या काळात मी काय करत होते? आवाज फार झाला की पत्र्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहत होते. वीस वर्षं त्याच तालुक्यात काढलेली बाई दारात दिसली की मुलं चिडीचूप. मी वर "सरांना त्रास देताय?" अशी दोन वाक्यं ऐकवून निघून यायची. मला वाटायचं मी मदत करते आहे. प्रत्यक्षात मी आठवड्यातून तीनदा मुलांना दाखवून देत होते की या वर्गातला खरा अधिकार दाराबाहेर असतो.

त्या दुपारी

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ-दहा दिवसांवर आली होती. मुंबईहून चाकरमानी कधी येणार, माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, यंदा काय बांधायचं, मुलांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास गणिताचा, सातवीला गुणोत्तर. सहावीला सरांनी फळ्यावरची उदाहरणं उतरवून घ्यायला सांगितलं होतं. पावसाची सर आली.

तांडेलने बाकावर दोन्ही हातांनी ठेका धरला आणि रापण ओढताना घालतात तसली हाळी दिली. मागचा बाक उठला, मग मधला. काही क्षणांत चोवीसपैकी वीस मुलं अदृश्य दोर ओढत होती. खरं सांगायचं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी हे दृश्य गमतीचं ठरलं असतं. सर ओरडले, ते पावसात कोणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी डस्टर भिंतीवर फेकून मारलं. ते सहावीतल्या एका मुलीच्या डोक्यावरून गेलं. लागलं नाही, पण सगळे थिजले. मग सरांनी तांडेलला दंडाला धरून दाराबाहेर काढलं आणि म्हणाले, "घरी जा. बापाला घेऊन ये, मगच वर्गात ये."

तांडेल गेला.

मी कार्यालयात पोषण आहाराची नोंदवही लिहीत होते. साधारण चाळीस मिनिटांनी त्याची चुलत बहीण, चौथीतली, पाणी प्यायला बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाई, तांडेलचा दप्तर आसा, तो खय गेलो?" घरी फोन लावला. आई म्हणाली, "तो घराक येवक नाय." पुढची पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. भादव्याच्या तोंडावरचा समुद्र, आणि पटावरचं मूल शाळेच्या वेळात शाळेबाहेर. शेवटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीत, ताडपत्रीखाली, तो गाढ झोपलेला सापडला.

समोर असलेले पर्याय

संध्याकाळी शाळा सुटल्यावर सर कार्यालयात येऊन बसले. रडले नाहीत, पण हात थरथरत होते. "मॅडम, मी या कामाचा माणूस नाही बहुतेक," म्हणाले. मी त्या वेळी काहीच उत्तर दिलं नाही, चहा मागवला. माझ्यापुढे काय काय मार्ग होते ते रात्री कागदावर लिहिलं. तो कागद अजून आहे.

पहिला, सरळ सरकारी मार्ग. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे आणि तसं करणारा सेवानियमांनुसार कारवाईस पात्र ठरतो. फेकलेलं डस्टर आणि दंडाला धरून काढलेलं मूल, दोन्ही त्यात बसू शकतं. लेखी खुलासा मागायचा आणि वर पाठवायचं. शिक्षण सेवकाच्या कागदात असा शेरा पडणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं.

दुसरा, झाकून टाकायचं. मूल सापडलं, लागलं कोणाला नाही, गाव लहान आहे. हा मोह झाला नाही असं म्हणणार नाही.

तिसरा, वर्ग बदलायचा. सरांना पहिली-दुसरी द्यायची आणि जोडवर्ग मी घ्यायचा. वर्ग एका दिवसात शांत झाला असता. पण 'या सरांना पळवून लावता येतं' हे चोवीस मुलांना आणि खुद्द सरांना कायमचं कळलं असतं.

चौथा, शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलावून तांडेलच्या बापाला समज द्यायची. दोन सदस्यांनी तसं सुचवलंही. मुलाच्या चार वाजता उठण्यावर घरातला मासळीचा वाटा अवलंबून आहे आणि सभेतल्या ठरावाने ते बदलणार नाही, हे सदस्यांनाही माहीत होतं.

पाचवा मार्ग मी सगळ्यात शेवटी लिहिला होता: 'सरांचा वर्ग आधी नीट बघ.' अडीच महिन्यांत मी त्या वर्गात एकदाही पूर्ण तास बसले नव्हते.

काय केलं

त्याच रात्री केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, फोन करून घडलं तसं सांगितलं, डस्टरसकट. लपवलेली गोष्ट बाहेरून कळली तर सरांचं आणि माझं दोघांचं बोलणं संपलं असतं. त्यांनी लेखी नोंद करायला सांगितली. सरांनी स्वतःच्या हाताने काय घडलं ते लिहून दिलं, मी शाळेच्या दप्तरी ठेवलं. कारवाईचा निर्णय त्यांनी महिनाभर थांबवला, मी काय करते ते बघू म्हणाले. हा निर्णय बरोबर होता की नाही यावर आजही दोन मतं होऊ शकतात. ज्या मुलीच्या डोक्यावरून डस्टर गेलं तिच्या आईचं मत वेगळं होतं, आणि तिला ते असण्याचा अधिकार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी सर आणि मी तांडेलच्या घरी गेलो. सरांनी माफी मागितली. बाप जाळं तुणत बसला होता. वर न बघता म्हणाला, "मारलात तरी चलात सर, पण असो येकट्याक भायर काढू नको. हयसर दर्या आसा." त्या वाक्याच्या दुसऱ्या भागाला उत्तर नव्हतं. पहिल्या भागाला मात्र मला तिथेच सांगावं लागलं की मारलेलंही चालत नाही, पालकाने परवानगी दिली तरी. बाप हसला. पटलं की नाही कळलं नाही. नंतर डस्टरच्या मुलीच्या घरी गेलो. तिथे चहा मिळाला नाही.

मग चार दिवस मी पत्र्याच्या खोलीत मागे बसले. अट एकच ठरली: काहीही झालं तरी मी तोंड उघडणार नाही, डोळेही वटारणार नाही. माझ्याकडे वही. गोंधळ सुरू झाला की वेळ, त्या क्षणी फळ्यावर काय चाललं होतं, आणि पहिला आवाज कोणाचा, एवढंच लिहायचं. पहिले दोन दिवस मुलं माझ्या धाकाने गप्प होती, ती नोंद फेकून दिली. तिसऱ्या दिवसापासून मी भिंतीसारखी झाले.

वही वाचताना आम्ही दोघं चकित झालो. तांडेल पहिला आवाज करणारा क्वचितच होता. तो दुसरा किंवा तिसरा असायचा. फक्त त्याचा आवाज मोठा. बहुतेक गोंधळ दोन जागी सुरू व्हायचा. एक, सर सातवीकडून सहावीकडे वळायचे त्या मिनिटाला, कारण सातवीला तोवर काम दिलेलं नसायचं. दुसरी जागा, फळ्यावरचं लांबलचक उतरवून घेताना, जेव्हा निम्म्यांचं संपलेलं असायचं. आणि ज्या दिवशी पाऊस, त्या दिवशी सगळं दुप्पट.

जेकब कुनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेली एक गोष्ट मी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकली होती. वर्ग चांगला चालवणारे आणि न चालवणारे शिक्षक, गोंधळ झाल्यावर जे करतात त्यात फारसा फरक नसतो. फरक असतो गोंधळ होण्याआधी ते काय करतात यात. तेव्हा ते ऐकून सोडून दिलं होतं. वहीतल्या त्या दोन जागा बघितल्यावर आठवलं.

बदल मोठे नव्हते. गणित सकाळी घेतलं, दुपारच्या पहिल्या तासाला कार्यानुभव, नकाशे, उभं राहून करायची कामं. एका इयत्तेला काम दिल्याशिवाय दुसरीकडे वळायचं नाही, आणि ते काम फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ठरलेल्या जागी, मधल्या सुट्टीतच लिहून ठेवायचं. पावसासाठी वेगळा बेत: पावसाची सर आली की शिक्षक बोलणं थांबवणार, फळ्यावर एक छत्री काढणार. छत्री दिसली की मुलं चार-चारच्या गटात पुढे सरकून खडूने पाट्यांवर काम करणार. पाऊस थांबला की छत्री पुसायची. पहिल्या दिवशी मुलांनी छत्री दिसावी म्हणून आभाळाकडे बघत प्रार्थना केली. तिसऱ्या दिवसापर्यंत सवय झाली.

सरांच्या रागाचं काय करायचं, हा प्रश्न वेगळा. "शांत राहा" हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा निरुपयोगी ठरलं होतं. राग चढल्यावर काय करू नये हे सगळ्यांना माहीत असतं. हात, पाय आणि जीभ त्या दहा सेकंदांत कुठे ठेवायची, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून ते आधीच ठरवलं. खिडकीत पाण्याचं तांब्या-भांडं ठेवलं. कानशिलं तापली की सरांनी फळा सोडून खिडकीपाशी जायचं, भांड्यात पाणी ओतायचं, सावकाश प्यायचं, मगच वळायचं. वळल्यावर बोलायची तीन वाक्यं त्यांनी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली, आणि मोठ्याने म्हणायचा सराव माझ्या कार्यालयात केला. मीच उनाड पोर झाले होते. वाक्यं साधी: "आत्ता कुठलं काम चाललंय?" "मी तुझ्याशी सुट्टीत बोलतो." "हे गणित झालं की सांग." नाव घेऊन, सगळ्यांसमोर, 'तू नेहमीच' असं काही म्हणायचं नाही. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या बाकाशेजारी जाऊन, त्याला ऐकू येईल एवढ्याच आवाजात. आठवड्याभरात मुलांना खूण कळली. सर खिडकीकडे निघाले की पुढच्या बाकावरून कुजबुज यायची, "सर पाणी पिऊक गेले, गप रवा."

'करायलाव'चा निकाल सरांनी स्वतः लावला, मी काही सुचवलं नव्हतं. त्यांनी फळ्याच्या डाव्या कडेला तीन रकाने आखले: मालवणी, पुस्तकातली मराठी, लातूरची. रोज चार शब्द. पहिल्या दिवशी पहिलाच शब्द त्यांनी लिहिला 'करायलाव', त्यापुढे 'करत आहात', आणि मालवणी रकाना रिकामा ठेवून खडू तांडेलच्या हातात दिला. तो लाजून उभा राहिला, मग लिहिलं 'करतास'. त्यावरून वर्गात वाद झाला, 'करतत' की 'करतास', आणि पंधरा मिनिटं व्याकरण झालं. चिडवायचा शब्द अभ्यासाला लागल्यावर त्यात मजा उरली नाही.

चवथीच्या सुट्टीनंतर एका रविवारी सर पहाटे रापणीला गेले. मासे न खाणारा माणूस दोर ओढायला आला म्हणून किनाऱ्यावर हशा पिकला. तांडेलने त्यांना दोर कमरेला कसा लावायचा, टाच वाळूत कशी रोवायची ते दाखवलं. "असो नाय सर, असो." तळहाताला फोड आले. वाटा म्हणून मिळालेले बांगडे सरांनी घरमालकिणीला दिले. सोमवारी सातवीच्या गणितात त्यांनी रापणीची वाटणी घेतली: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. गुणोत्तर पुस्तकातून न कळलेल्या तांडेलने फळ्यापाशी येऊन सरांची चूक काढली, कारण त्यांच्या संघात होडीचा वाटा सरांनी धरला त्याहून वेगळा होता.

झोपेवर आम्ही तोडगा काढला, त्यावर मात्र टीका झाली. रापण असलेल्या दिवशी मधल्या सुट्टीत जेवण झाल्यावर तांडेलने कार्यालयातल्या सतरंजीवर वीस मिनिटं पडायचं. एका पालकाने विचारलं, शाळा आहे की धर्मशाळा. मी म्हटलं, वीस मिनिटं कार्यालयात झोपलेला बरा की दोन तास होडीत?

जे चाललं नाही

बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला वर्गप्रमुख नेमणं. ही सूचना माझी होती, आणि पूर्ण फसली. वर्गप्रमुख मुलीने पहिल्याच दिवशी जुनं भांडण असलेल्या तिघांची नावं लिहिली. दुसऱ्या दिवशी नाव पुसण्यासाठी पेन्सिल, चिंचा आणि एक खोडरबर यांचा व्यवहार झाल्याचं उघडकीला आलं. तीन दिवसांत बंद केलं.

ऑक्टोबरमध्ये सर पुन्हा एकदा ओरडले, चाचणीच्या वह्या हरवल्यावरून, सहावीतल्या एका मुलीवर, जिचा दोष नव्हता. ती रडली. तांब्या खिडकीतच होता, पण सर त्या वेळी दारापाशी उभे होते. दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्याआधी त्यांनी वर्गासमोर तिला सांगितलं, "काल माझी चूक झाली." सुरुवातीला मला वाटलं याने मान कमी होईल. झाला नाही.

पुढे काय झालं

महिन्याने केंद्रप्रमुख आले, एक पूर्ण तास बसले, लेखी नोंदीखाली समज दिल्याचा शेरा मारून प्रकरण मिटवलं. वर्ग शांत झाला असं मी म्हणणार नाही. वर्गात आवाज असायचा, पण तो कामाचा आहे की दंग्याचा हे कार्यालयातून कान देऊन ओळखता येऊ लागलं, आणि मी दारात जाणं सोडलं. हे सोडणं मला सरांच्या पाणी पिण्याइतकंच जड गेलं. पाय आपोआप निघायचे.

तांडेल सातवी पास होऊन जवळच्या हायस्कुलात गेला. मासळीचा हंगाम जोरात असला की त्याची हजेरी अजून पडते, असं कळतं. सर त्याच शाळेत आहेत. मासे अजून खात नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी जोडवर्ग देणार नाही. देण्यावाचून गत्यंतर नसेल तर जूनमध्येच, काही बिघडायच्या आधी, वही घेऊन मागे बसेन. आणि गावची बोली, रापणीचं वेळापत्रक, कोण कोणाचा चुलत, हे सगळं पहिल्या आठवड्यात सांगेन. ही माहिती आमच्याकडे इतकी सहज असते की ती द्यायची असते हेच लक्षात येत नाही.

'मुलाला वर्गाबाहेर काढायचं नाही' हा नियम तोंडी होता, म्हणजे नव्हताच. आता रुजू होण्याच्या दिवशी लेखी देते: मूल नजरेआड करायचं नाही, फार झालं तर दुसऱ्या मुलासोबत कार्यालयात पाठवायचं आणि ते पोचलं याची खात्री करायची. खाडी-समुद्राच्या गावात याला दुसरा अर्थ आहे.

एक गोष्ट मात्र अशी राहिली की जिचा विचार या सगळ्या धावपळीत आम्हा दोघांच्याही मनात आला नाही. पहिल्या सत्राच्या संकलित मूल्यमापनाचे पेपर तपासताना कळलं की सातवीतल्या, खिडकीच्या बाकावरच्या दोन मुलींना गुणोत्तराचं एकही उदाहरण आलेलं नाही. त्या कधी बोलल्या नव्हत्या, ठेका धरला नव्हता, 'करायलाव' म्हटलं नव्हतं. माझ्या चार दिवसांच्या वहीत त्यांची नावं एकदाही नव्हती. जो ओरडतो त्याच्याकडे आमची सगळी माया आणि सगळी अक्कल गेली होती. रापणीच्या गणितातही फळ्याभोवती मुलगेच होते. यातली एक रोज आईबरोबर मासळी विकायला बसायची, पण किलोचे भाव आणि वाटे यावरून गणित घालावं हे आम्हाला सुचलं नाही.

दिवाळीनंतर सरांनी डायरीत एक नवा रकाना आखला: 'आज कोणाशी एकही शब्द बोललो नाही.' शाळा सुटल्यावर तो भरायचा. पहिल्या दिवशी त्यात अकरा नावं होती.